व्हेल किनाऱ्याला लागले, ते पाण्याखालच्या आवाजामुळे का? हे तपासायचं कसं

व्हेलचा कळप किनाऱ्याला लागला अशी बातमी आली की पहिल्याच दिवशी कुणीतरी सोनारचं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणाऱ्या यंत्राचं, नाव घेतं आणि दुसरं कुणीतरी "हे तर पूर्वीपासून होतंय" म्हणून विषय संपवून टाकतं, आणि दोघांनीही काहीच तपासलेलं नसतं. पूर्वीपासून होतंय हे खरंच आहे, हे प्राणी कधीकधी कोरड्या जमिनीवर येतात आणि का येतात ते कळत नाही असं ॲरिस्टॉटलनेसुद्धा लिहून ठेवलंय, तेव्हा ना प्रोपेलर होते ना सोनार. आणि सोनारमुळे व्हेल मेलेत हेही तितकंच खरं आहे, अमेरिकी नौदलाने स्वतःच्या रिपोर्टमधे ते मान्य केलंय. म्हणून "आवाजामुळे व्हेल मरतात का" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, विचारायचं ते असं की ही घटना, या जातीचे हे प्राणी, या दिवशी, या जागी, यात आवाजाचा हात होता का. त्याचं उत्तर शोधायची पद्धत आहे, आणि त्यातला बराच भाग घरी बसून कुणालाही करता येतो.

तुम्ही स्वतः तिथे किनाऱ्यावर असाल तर मात्र कारणं नंतर, जिवंत प्राणी आधी. तिथल्या वन्यजीव खात्याला, कोस्ट गार्डला किंवा स्ट्रँडिंगचं, म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या प्राण्यांचं, काम करणाऱ्या टीमला फोन लावा आणि किती प्राणी आहेत, जिवंत किती, अंदाजे लांबी किती, भरती चालू आहे का ओहोटी, एवढं नीट सांगा. स्वतःच्या मनाने ढकलून पाण्यात घालू नका, आणि शेपटीला दोर बांधून ओढणं तर अजिबात नाही, त्याने सांधे निखळतात आणि कण्याला इजा होते, शिवाय आजारी प्राणी काही तासांनी दुसरीकडे पुन्हा लागतो. एका कुशीवर पडला असेल आणि टीम सांगेल तसं जमत असेल तर पोटावर सरळ करायचा, दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळूत खळगे करायचे म्हणजे त्यांच्यावर भार येत नाही, अंगावर ओल्या चादरी टाकायच्या, पाणी मारत राहायचं, पण डोक्यावरचं ब्लोहोल, म्हणजे श्वासाचं छिद्र, कायम मोकळं, त्यात वाळू किंवा पाणी जाता कामा नये. शेपटीपासून लांब उभं राहा, आणि ब्लोहोलच्या वर तोंड नेऊ नका कारण त्या श्वासातून माणसाला इन्फेक्शन होऊ शकतं. लोकांना गप्प करा, कुत्री आणि ड्रोन लांब ठेवा. आधीच घाबरलेल्या प्राण्याभोवती आरडाओरडा करणं हा त्याच्यावर होणारा आणखी एक अत्याचार आहे, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मदत येईपर्यंत फोटो काढा आणि हे फोटो पुढे सोन्यासारखे ठरतात. पूर्ण बाजूने एक, डोकं, पाठीवरचा पर, शेपटी, पोटाखालची बाजू दिसत असेल तर ती, आणि प्रत्येक फोटोत मापासाठी काहीतरी ठेवलेलं. लोकेशन आणि वेळ फोनमधे चालू आहे ना ते बघा. एकापेक्षा जास्त प्राणी असतील तर प्रत्येकाची जागा वेगळी नोंदवा, "बीचवर सात होते" एवढ्याने काही कळत नाही, ते सातही एकाच घोळक्यात होते का दोन-दोन किलोमीटरवर विखुरलेले होते यावर पुढचा अर्धा तपास अवलंबून असतो.

आता जात. सगळ्यात आधी हेच बघायचं, कारण "व्हेल" हा एक प्राणी नाही आणि सगळ्यांचं आवाजाशी नातं सारखं नाही. लष्करी सोनारशी ज्यांचा संबंध सगळ्यात पक्का जोडला गेलाय ते बीक्ड व्हेल, त्यातही कुविएचा बीक्ड व्हेल. हे खोल समुद्रातले, बुजरे, माणसाला फारसे न दिसणारे प्राणी आहेत. एका कुविए बीक्ड व्हेलने २,९९२ मीटर खोल बुडी मारल्याची नोंद आहे, आणि दुसऱ्या एका अभ्यासात एक जण ३ तास ४२ मिनिटं पाण्याखाली राहिला. ओळखायचे कसे तर तोंड चोचीसारखं पुढे, गळ्यावर इंग्रजी व्ही आकाराच्या दोन खाचा, पाठीवरचा पर छोटा आणि बराच मागे, आणि शेपटीच्या मधोमध इतर व्हेलना असते तशी खाच जवळपास नसतेच. असे प्राणी सहसा एकेकटे मरून लागतात, त्यामुळे दोन-तीन किंवा जास्त ताजे बीक्ड व्हेल एकाच वेळी लागले की कान टवकारायचे.

उलट पायलट व्हेलचं बघा. गोल फुगीर डोकं, रुंद बुडाचा पर पाठीवर पुढच्या बाजूला. हे मोठ्या कळपांत एकत्र राहतात, एकमेकांना सोडत नाहीत, एखादा आजारी किंवा वाट चुकलेला उथळ पाण्यात शिरला की बाकीचे मागोमाग येतात. न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटवर फेब्रुवारी २०१७ मधे ४०० च्या वर लागले, टास्मानियातल्या मॅक्वारी हार्बरला सप्टेंबर २०२० मधे सुमारे ४७० आणि बरोबर दोन वर्षांनी त्याच भागात पुन्हा सुमारे २३०. तमिळनाडूच्या तुतिकोरिन किनाऱ्यावर १९७३ च्या जानेवारीत १४७ आणि २०१६ च्या जानेवारीत पुन्हा ८० च्या आसपास. जागा परतपरत तीच, म्हणजे उथळ वाळू, आत वळलेला किनारा, वेगाने उतरणारी ओहोटी, ही सापळ्यासारखी भूगोलाची रचनाच मोठं कारण असू शकते. म्हणून कुठल्याही जागेबद्दल पहिला प्रश्न विचारा की इथे याआधी कधी आणि किती लागलेत. जुनी वर्तमानपत्रं, संग्रहालयांच्या नोंदी, मच्छीमार, जे मिळेल ते. हे पायलट व्हेलबाबत न विचारता सोनारवर उडी मारणं म्हणजे चूकच.

पण याचा अर्थ पायलट व्हेल आवाजाला घाबरत नाहीत असाही नाही. २०११ च्या जुलैमधे स्कॉटलंडच्या काईल ऑफ डर्नेस खाडीत ७० पायलट व्हेल शिरले आणि १९ मेले, तिथे जवळच आदल्या २४ तासांत जुने बाँब पाण्याखाली उडवून निकामी करण्यात आले होते, आणि सरकारी चौकशीत त्या स्फोटांकडे संभाव्य कारण म्हणून बोट दाखवलं गेलं. तेव्हा जात हा सुरुवातीचा इशारा आहे, निकाल नाही.

यानंतर नकाशा आणि घड्याळ घेऊन बसायचं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. एका कागदावर प्रत्येक प्राणी कुठे आणि किती वाजता सापडला ते मांडा. मग प्रत्येकाची अवस्था लिहा, स्ट्रँडिंगवाले यासाठी १ ते ५ कोड वापरतात, १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे नुकताच मेलेला, ३ म्हणजे कुजायला लागलेला, ४ म्हणजे बराच कुजलेला, ५ म्हणजे वाळलेला सांगाडा वगैरे. कोड ४ चा प्राणी किनाऱ्याला लागला तो आज, पण मेला कितीतरी आधी आणि वारा-प्रवाहाने कुठून वाहत आला कुणास ठाऊक, त्याच्यासाठी "काल इथे जहाज होतं" हा पुरावा शून्य आहे. जिवंत किंवा कोड २ असेल तरच वेळ जुळवण्याला अर्थ.

बहामाज मधे १५ मार्च २००० पासून जे झालं ते यासाठी नमुना म्हणून बघावं. साधारण ३६ तासांत सुमारे २४० किलोमीटरच्या पट्ट्यात १७ प्राणी लागले, त्यातले बहुतेक बीक्ड व्हेल, सोबत दोन मिंकी व्हेल. एक घोळका एका बीचवर असं नव्हतं, लांबलांब विखुरलेले, जवळपास एकाच वेळी, आणि बरेचसे जिवंत. याचा अर्थ काय, तर एवढ्या मोठ्या भागात एकाच वेळी काहीतरी झालं, आणि रोग असा वागत नाही. त्याच वेळी तिथल्या सामुद्रधुनीतून नौदलाची जहाजं मध्यम फ्रीक्वेन्सीचे सोनार चालवत गेली होती. डिसेंबर २००१ च्या अमेरिकी नौदल आणि नोआ (अमेरिकेची समुद्र आणि हवामान संस्था) यांच्या संयुक्त रिपोर्टमधे हे सोनारच सगळ्यात पटणारं कारण म्हणून नोंदवलं गेलं, आणि त्यात नुसता सोनार नाही तर सगळ्या गोष्टींचा जमून आलेला मेळ सांगितलाय: अरुंद सामुद्रधुनी जिथून पळायला जागा कमी, एकापेक्षा जास्त सोनार बराच वेळ चालू, आणि पाण्याच्या वरच्या थरात आवाज अडकून लांबवर जाईल अशी तापमानाची रचना. कॅनरी बेटांवर २४ सप्टेंबर २००२ ला १४ बीक्ड व्हेल लागले तेही नाटोच्या सरावात सोनार सुरू झाल्यावर साधारण चार तासांनी. ग्रीसच्या किपारिसिया आखातात मे १९९६ मधेही नाटोच्या सोनार चाचण्या आणि विखुरलेले कुविए बीक्ड व्हेल, तोच साचा.

म्हणजे तुमच्या नकाशात काय शोधायचं ते कळलं: जवळ समुद्रतळात खोल दरी किंवा खंडान्त उतार (जिथे तळ उथळातून एकदम खोल जातो) आहे का, प्राणी विखुरलेत का, तासांत लागले का आठवड्यांत, आणि त्या वेळात समुद्रात काय चाललं होतं.

काय चाललं होतं हे शोधणं अवघड पण अशक्य नाही. व्यापारी जहाजांसाठी एआयएसचा, म्हणजे जहाजं आपली जागा आपोआप कळवत राहतात त्या यंत्रणेचा, डेटा दाखवणाऱ्या साइट्स आहेत, मागच्या तारखांचं काही ठिकाणी पैसे देऊन मिळतं. युद्धनौका बऱ्याचदा एआयएस बंद ठेवतात, त्यामुळे नकाशावर जहाज दिसलं नाही म्हणजे नव्हतं असं धरू नका. त्याऐवजी जहाजांसाठी निघणारे नॅव्हिगेशनल वॉर्निंग वाचा, त्यात सराव, गोळीबार, सर्व्हे, स्फोट यांच्या तारखा आणि कोऑर्डिनेट्स येतात. तेल-वायूच्या सर्व्हेची परवानगी, समुद्रात खांब ठोकण्याची कामं, यांची कागदपत्रं बऱ्याच देशांत जाहीर असतात. आणि हो, फक्त नौदलच बघत बसू नका. मादागास्करच्या वायव्येला २००८ मधे सुमारे १०० मेलन-हेडेड व्हेल, जे खोल पाण्यातले प्राणी, एका खाजणात शिरून अडकले आणि त्यातले किमान ७५ मेले. स्वतंत्र तज्ज्ञांच्या पॅनेलने २०१३ मधे सांगितलं की सगळ्यात पटणारं कारण म्हणजे एका तेल कंपनीच्या सर्व्हेचा १२ किलोहर्ट्झचा मल्टिबीम इको-साउंडर, जो समुद्रतळाचा नकाशा काढायला वापरतात. अशा यंत्राशी इतकी जवळून जोडली गेलेली ही पहिलीच माहीत असलेली सामूहिक घटना होती.

आवाजाचे प्रकार वेगळे ठेवा, सगळं "नॉइज पोल्युशन" म्हणून एका पिशवीत टाकलं की विचारच खुंटतो. पाणबुड्या शोधायचा मध्यम फ्रीक्वेन्सीचा सोनार साधारण १ ते १० किलोहर्ट्झमधे पिंग सोडतो. एअरगन म्हणजे तेल-वायूच्या सर्व्हेत सोडलेले दाबलेल्या हवेचे धमाके, दर १०-१५ सेकंदांनी एक, दिवसरात्र, मुख्यतः खालच्या फ्रीक्वेन्सीत. खांब ठोकणं म्हणजे घणाचे घाव. आणि मालवाहू जहाजांचा घुमणारा आवाज, बराचसा २० ते २०० हर्ट्झमधे, प्रोपेलरभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात त्यातून येणारा. हा शेवटचा सहसा कुणाला किनाऱ्यावर आणून टाकत नाही, पण तो कायम असतो, आणि मोठ्या बलीन व्हेलचं (दातांऐवजी तोंडात गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या) बोलणं त्याच पट्ट्यात असतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजं कमी झाली, आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतले स्ट्रेस हार्मोनही उतरले. म्हणजे किनारा न गाठताही प्राणी सोसत असतोच, फक्त ते बातमीत येत नाही, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

डेसिबलचा आकडा वाचताना एक सवय लावून घ्या. "सोनार २३५ डेसिबल, जेट विमान १४०" अशी तुलना दिसली की ती बाजूला ठेवा. पाण्यात मोजायचा संदर्भ १ मायक्रोपास्कल (दाबाचं एकक) आहे आणि हवेत २०, नुसत्या त्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो, आणि पाणी व हवा यांच्या गुणधर्मांमुळे सारख्या तीव्रतेच्या आवाजासाठी एकूण फरक जवळपास ६२ होतो. शिवाय तो २३५ हा उगमापासून १ मीटरवरचा हिशोब आहे. उघड्या खोल पाण्यात अंतर दहापट झालं की ढोबळमानाने २० डेसिबल कमी होतात, म्हणजे १ किलोमीटरवर १७५ आणि १० किलोमीटरवर १५५ च्या आसपास, थोडं पाण्यात शोषलं जातं ते वेगळं. वरच्या थरात आवाज अडकला असेल तर उतार यापेक्षा हळू. आता हा आकडा कमी वाटेल, पण कुविए बीक्ड व्हेलवर टॅग लावून सोनारसारखा आवाज ऐकवला तेव्हा ८९ ते १२७ डेसिबल इतक्या पातळीलाच त्यांनी शिकार थांबवली, शिकार शोधायला ते सोडतात ते क्लिक आवाज बंद केले आणि गुपचूप वेगाने लांब निघून गेले. कान फुटण्याइतका आवाज लागतच नाही, घाबरण्याइतका पुरतो.

आणि इथेच मृत्यूचं कारण दडलेलं असावं असं बहुतेक संशोधक मानतात. खोल बुड्या मारणाऱ्या प्राण्याच्या रक्तात आणि चरबीत नायट्रोजन विरघळलेला असतो, नेहमीच्या बुड्यांच्या पद्धतीत तो सांभाळला जातो, पण घाबरून ती पद्धत मोडली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे सुटतात आणि रक्तवाहिन्या अडवतात. कॅनरीच्या २००२ च्या प्राण्यांत असेच वायूचे आणि चरबीचे अडथळे अनेक अवयवांत मिळाले, मेंदूत आणि कानाच्या आसपास रक्तस्रावही.

म्हणून पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला की नुसतं "मृत्यूचं कारण अज्ञात" वाचून थांबू नका, तपासणी किती तासांनी झाली ते बघा. कुजतानाही शरीरात वायू तयार होतो, त्यामुळे बुडबुड्यांना अर्थ फक्त ताज्या शरीरात, आणि वायूत नायट्रोजन जास्त आहे का कुजण्यातून येणारे वायू, हे मोजलेलं असलं पाहिजे. आतल्या कानाच्या बारीक पेशी तर काही तासांतच खराब व्हायला लागतात, त्या बघायच्या तर कानात लवकरात लवकर फॉर्मॅलिन (पेशी टिकवणारं द्रावण) सोडावं लागतं, डोकं फ्रीझरमधे टाकलं की त्या पेशींचं चित्र बिघडतं. कान तपासलेच नाहीत आणि रिपोर्टमधे "आवाजाचा पुरावा नाही" असं लिहिलंय, हे बऱ्याचदा होतं, आणि पुरावा शोधला नाही आणि पुरावा मिळाला नाही यातला फरक तुम्हीच विचारायला हवा. पोट भरलेलं होतं का, अंगावर चरबी चांगली होती का, हेही बघा, धडधाकट आणि नुकताच जेवलेला प्राणी अचानक मेला असेल तर दीर्घ आजार मागे पडतो.

बाकीची कारणं प्रामाणिकपणे तपासायचीच: मॉर्बिलीव्हायरससारखे रोग, जाळ्यात अडकल्याचे वण, जहाजाची धडक, विषारी शेवाळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक व्हेल मरताहेत त्याचा दोष २०२३ च्या सुमारास समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या सर्व्हेवर टाकला गेला, पण ते मृत्यू जानेवारी २०१६ पासून वाढलेले आहेत, एकेक प्राणी, महिनोन्महिने, आणि तपासलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्याच्या खुणा होत्या. वर सांगितलेला साचा इथे लावून बघा, जात जुळत नाही, वेळ जुळत नाही, शरीर वेगळंच सांगतंय. चुकीच्या गोष्टीला दोष दिला की खऱ्या कारणावरची नजर हटते आणि व्हेल मरतच राहतात.

पाण्याखाली काय ऐकू येतं याची स्वतःला सवय करायची असेल तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बेमधे सुमारे ९०० मीटर खोल ठेवलेल्या हायड्रोफोनचं (पाण्याखालच्या माइकचं) प्रक्षेपण ऐका, ऑर्कासाउंड नावाची तशीच साइटही आहे. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ऑडिओच्या प्रोग्रॅममधे उघडून स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे आवाजाचं चित्र, आडवी वेळ आणि उभी फ्रीक्वेन्सी. जहाज म्हणजे तळाला पसरलेला जाड पट्टा, एअरगन म्हणजे ठरावीक अंतराने खालून उठणाऱ्या उभ्या रेघा, सोनार म्हणजे आडव्या किंवा तिरक्या स्वच्छ रेघा, पुन्हा ठरावीक अंतराने. सतत कडकड तळल्यासारखं ऐकू आलं तर बहुतेक स्नॅपिंग श्रिंप, म्हणजे नांगी वाजवणारी कोळंबी, घाबरू नका. बीक्ड व्हेलचे क्लिक मात्र साध्या रेकॉर्डिंगमधे शोधू नका, ते ४० किलोहर्ट्झच्या आसपास असतात, त्यासाठी रेकॉर्डिंगमधे सेकंदाला आवाजाची किमान ८० हजारांच्या वर मापं (सँपल) लागतात, आणि ऑनलाइन ऐकवलं जाणारं बहुतेक ऑडिओ ४८ हजारांचंच असतं.

सगळं जमल्यावर निष्कर्ष लिहिताना शब्द जपून. नुसती वेळ जुळली तर "शक्यता आहे, तपास हवा". जात, विखुरलेपण, वेळ आणि आवाजाचा स्रोत जुळला तर "बहुधा". त्यावर ताज्या शरीरातले वायूचे अडथळे आणि बाकी कारणं वगळलेली असतील तरच त्यापेक्षा पक्कं. १८७४ ते २००४ मधल्या बीक्ड व्हेलच्या १३६ सामूहिक घटना एका अभ्यासात तपासल्या, त्यातल्या १९५० नंतरच्या १२६ पैकी सोनारचा वापर, जागा आणि वेळ याचे तपशील फक्त दोनच घटनांत नोंदवलेले होते, आणखी दहा नौदलाच्या सरावांशी जुळत होत्या. त्या १२६ मधल्या बाकीच्यांत सोनार नव्हता असं यातून म्हणता येत नाही, बऱ्याच घटनांत त्याची पुरेशी माहितीच नव्हती. म्हणून तुमच्या देशात घटना झाली तर माहिती अधिकारात किंवा लोकप्रतिनिधीमार्फत मागायचं ते हेच, कुठला सोनार, किती वाजता चालू, किती वाजता बंद, कुठे.

आणि मागणी करायची तर नेमकी करा. स्पेनने २००४ मधे कॅनरी बेटांभोवती ५० सागरी मैलांत सोनार बंद केला, आणि २०१३ मधे शास्त्रज्ञांनी आढावा घेतला तोपर्यंत तिथे बीक्ड व्हेलची तशी एकही सामूहिक घटना पुन्हा झाली नव्हती. खांब ठोकताना भोवती बुडबुड्यांचा पडदा लावतात, जर्मनीत ७५० मीटरवर एका घावाची मर्यादा १६० डेसिबल ठरवलेली आहे. जहाजांचा वेग कमी केला की आवाज कमी होतो. एखाद्या प्रकल्पावर हरकती मागवल्या असतील तर "व्हेल वाचवा" एवढंच लिहून पाठवू नका, खोल दऱ्यांपासून किती अंतर ठेवणार, आवाज कोण मोजणार, रात्री प्राणी दिसत नाहीत तेव्हा काम थांबणार का, आणि हायड्रोफोनचं रेकॉर्डिंग जाहीर करणार का, हे चार प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.